सीसी आणि लिटर: जुन्या रेसिंग गाड्यांचे दोन आकडे एकत्र कसे वाचायचे

जुन्या स्पोर्ट्स गाडीची माहिती हाती आली की बहुतेकांची नजर आधी हॉर्सपॉवरवर जाते. मी आधी बोअर, स्ट्रोक आणि पेट्रोलची टाकी बघतो. माझ्या वहीत प्रत्येक गाडीच्या पानावर सगळ्यात वर हेच लिहिलेलं असतं. गाडी कुठल्या नियमात बसवून बांधली आणि एका दमात किती पळायची, हे त्यावरून कळतं.

सीसी आधी स्वतः काढायला शिका. सीसी म्हणजे घन सेंटिमीटर, सगळे पिस्टन मिळून सरकताना जितकी जागा व्यापतात ती. हजार सीसी म्हणजे एक लिटर. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टन वरून खाली जितका सरकतो ते अंतर. दोन्ही सेंटिमीटरमध्ये घ्या. बोअरचा वर्ग करा, त्याला ०.७८५४ ने गुणा, मग स्ट्रोकने, मग सिलिंडरच्या संख्येने. सरावाला १९२८ साली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली साडेचार लिटरची बेंटली घ्या: बोअर १० सेंमी, स्ट्रोक १४ सेंमी, सिलिंडर चार. शंभर गुणिले ०.७८५४ म्हणजे ७८.५४, त्याला १४ ने गुणलं की एका सिलिंडरचे साधारण १,०९९.६ सीसी, आणि चौपट केल्यावर ४,३९८. कागदावरही हाच आकडा आहे.

ही आकडेमोड खरी उपयोगी पडते ती इंजिन उघडलेलं असताना. ३.८ लिटरच्या जग्वार ई-टाइपचा बोअर ८७ मिमी, स्ट्रोक १०६ मिमी, सिलिंडर सहा, म्हणजे ३,७८१ सीसी. पण साठ वर्षांच्या इंजिनात सिलिंडर कधीतरी रीबोअर झालेले, म्हणजे झिजल्यावर आतून कोरून मोठे केलेले, असण्याची शक्यता दाट. ०.०३० इंच ओव्हरसाइज पिस्टन बसवले असतील तर बोअर ८७.७६ मिमी होतो आणि इंजिन ३,८४७ सीसीचं. शर्यतीतल्या गटाच्या सीसी-मर्यादेला चिकटून असलेल्या गाडीला एवढा फरक शर्यतीबाहेर काढू शकतो. म्हणून कागदावर विसंबू नका, बोअर गेजने मोजा.

नावातल्या आकड्यांचं मात्र प्रत्येक घराण्याचं वेगळं. मर्सिडीझ ३०० एसएल म्हणजे तीन लिटर. फेरारी २५० जीटीओ मधले २५० हे एका सिलिंडरचे सीसी, तेही गोळाबेरीज. बारा सिलिंडर मिळून २,९५३. डिनो २४६ म्हणजे २.४ लिटर आणि सहा सिलिंडर. पोर्शे ९१७ चा मात्र सीसीशी काही संबंध नाही, तिचं सुरुवातीचं इंजिन ४,४९४ सीसीचं होतं.

आकडा विचित्र दिसला की नियम शोधा. १९७४ च्या पोर्शे कॅरेरा आरएसआर टर्बोचं इंजिन २,१४२ सीसीचं आहे. हा आकडा कुठून आला? टर्बो, म्हणजे दाबून जादा हवा भरणाऱ्या इंजिनाची क्षमता तेव्हा १.४ ने गुणून धरायचे. गुणून बघा: २,९९८.८. तीन लिटरच्या मर्यादेत कसंबसं बसवलंय. मला हे असं सापडलं की फार आनंद होतो, कारण डिझाइन करणाऱ्याने काय हिशेब केला ते समोर उभं राहतं.

आता टाकी. इथे पहिला घोटाळा गॅलनचा. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन ३.७८५ चा. ई-टाइपची टाकी १४ गॅलन लिहिलेली असते, ती ब्रिटिश मापात, म्हणजे ६३.६ लिटर. अमेरिकन समजलात तर ५३ लिटर धराल आणि पुढचे सगळे हिशेब चुकतील. क्युबिक इंचाचं तसं नाही, ते दोन्हीकडे सारखेच, १६.३८७ ने गुणलं की सीसी.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. छोटं इंजिन म्हणजे छोटी टाकी, असं समजू नका. १९५१ ची फॉर्म्युला वन गाडी अल्फा रोमिओ १५९ घ्या. तिचं इंजिन जेमतेम १,४७९ सीसीचं, पण सुपरचार्जर (इंजिनाच्याच जोरावर जादा हवा भरणारा पंप) लावलेलं आणि मिथेनॉलच्या मिश्रणावर चालणारं. मिथेनॉल इंजिनाला थंड ठेवतं, पण लिटरमागे त्यात पेट्रोलच्या जवळपास निम्मीच ऊर्जा असते. ही गाडी लिटरला अर्ध्या किलोमीटरच्या आसपास पळायची. फेरारीने उलट वाट धरली: सुपरचार्जर नाही, साडेचार लिटरचं इंजिन, इंधन कितीतरी कमी. १९५१ मध्ये इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर ड्रायव्हर गोन्झालेझने याच फेरारीने अल्फांना हरवलं. सीसीच्या शेजारी इंधनाचा आकडा नसेल तर या निकालाचा अर्थच लागत नाही.

वजनही धरायला विसरू नका. पेट्रोलचं लिटर साधारण पाऊण किलोचं. मर्सिडीझ ३०० एसएल गलविंगची टाकी १३० लिटरची, म्हणजे भरल्यावर जवळजवळ ९७ किलो मागच्या चाकांवर.

टाकी बदललेली असेल, ठोकून सरळ केलेली असेल, तर स्वतः मोजा. गाडी सपाट जागी, उघड्यावर उभी करा, बॅटरी सोडवा, आसपास ठिणगी नको. टाकी पूर्ण रिकामी करा. रंग न दिलेली लाकडी पट्टी घ्या आणि मापाच्या कॅनने पाच-पाच लिटर ओतत जा. प्रत्येक वेळी पट्टी तळाला टेकवून बाहेर काढा आणि ओल वाळायच्या आत सुरीने खूण करा, पेट्रोल बघता बघता उडतं. खुणा सारख्या अंतरावर येणार नाहीत. जिथे टाकी अरुंद तिथे खुणा लांब-लांब, जिथे रुंद तिथे दाट.

पाच लिटरच्या खुणेला थांबून टाकीचं झाकण लावा, तेवढ्यापुरती बॅटरी जोडा आणि पंप चालवून बघा. पंप ओढत नसेल तर आणखी थोडं थोडं ओता. ज्या पातळीला तो ओढायला लागतो तिच्याखालचं पेट्रोल टाकीत असूनही तुमच्या कामाचं नाही. तेवढे लिटर वजा करा, उरलेल्याला मोजलेल्या ॲव्हरेजने गुणा. वहीत दोन्ही आकडे लिहा, एकूण आणि वापरता येणारे. लांब वळणांचा ट्रॅक असेल तर दुसऱ्यातूनही थोडे लिटर हात राखून धरा, कारण वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि पाइपचं तोंड उघडं पडतं.