लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी: घरच्या तयारीची यादी

दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप दिला की एक पावती हाती येते आणि तिच्या तळाशी बारीक अक्षरांत बहुधा छापलेले असते की यंत्रातील माहितीची जबाबदारी दुकानाची नाही. हे वाक्य वाचून राग येतो, पण ते रास्त आहे. दुकानदार यंत्र दुरुस्त करण्याचे पैसे घेतो, आपल्या फाइली सांभाळण्याचे नाही, आणि ‘फॉरमॅट मारून देतो’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज पुन्हा टाकतो, हा त्याच्या दृष्टीने अर्ध्या तासाचा, खात्रीचा उपाय असतो. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबल्यामुळे तर जुना लॅपटॉप कोणत्याही कारणाने दुकानात नेला तरी ‘त्यातच नवे विंडोज टाकून घ्या’ असा सल्ला मिळतो. म्हणून पुढील तयारी घरून निघण्याआधी पूर्ण झालेली असावी.

पहिली गोष्ट क्रमाची. लॅपटॉप आजारी असला तरी चालू होत असेल, तर आधी फाइलींची प्रत काढावी आणि मगच बिघाडाच्या मागे लागावे. आपण नेमके उलटे करतो: यंत्र अडखळू लागले की व्हायरसची तपासणी, डिस्कची तपासणी, जागा मोकळी करणे असे उद्योग सुरू होतात. खराब होत चाललेल्या हार्ड डिस्कवर अशी तासन्‌तासांची तपासणी लावणे म्हणजे दम्याच्या रुग्णाला जिना चढायला लावण्यासारखे आहे. तो चढेलही, पण त्याआधी मृत्युपत्र झालेले बरे.

प्रत कशाची काढायची, हे कागदावर लिहून काढावे, कारण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स हे चार फोल्डर उचलले की काम झाले असे वाटते आणि राहते ते नेमके महत्त्वाचे. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा बहुधा या चारही फोल्डरांत नसतो. तो कोठे साठतो ते टॅलीतच पाहावे आणि त्याच्या स्वतःच्या बॅकअपच्या सोयीने प्रत घ्यावी. आउटलुकची टपालपेटी एका मोठ्या फाइलीत असते आणि ती आउटलुक बंद केल्यावरच नीट उचलली जाते. ब्राउझरमधील खुणा (बुकमार्क) आणि पासवर्ड खात्याशी जोडलेले आहेत का, हे दुसऱ्या यंत्रावर किंवा फोनवर त्याच खात्याने शिरून पाहावे. जुन्या प्रोग्रॅमांचे परवाना क्रमांक आणि प्रिंटरचे नेमके मॉडेल वहीत टिपून ठेवावे.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी यादीत एक कलम अधिक आहे आणि ते मी नुकसान सोसून शिकलो. आमच्या सोसायटीचा सचिव असताना मी नऊ वर्षांची इतिवृत्ते लॅपटॉपवर ठेवली होती. लॅपटॉप दुकानात देण्याआधी मी ती सगळी नीट पेनड्राइव्हवर घेतली, नावे मोजून पाहिली, फाइलींचे आकारही ताडून पाहिले. लॅपटॉप परत आल्यावर पहिली फाइल उघडली तर ‘सभेचे अध्यक्ष’ या ठिकाणी रोमन अक्षरे, डॉलरची चिन्हे, टक्के आणि उलटे कंस यांची खिचडी होती. फाइल शाबूत होती, पण ती ज्या फॉन्टमध्ये टंकली होती तो फॉन्ट जुन्या विंडोजबरोबर पुसला गेला होता. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वीच्या श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएम या टंकनाच्या प्रोग्रॅमांत टंकलेल्या मजकुराचे असेच होते, कारण त्यात मराठी अक्षर साठवलेले नसते. रोमन अक्षराचा सांकेतिक क्रमांक साठवलेला असतो आणि त्यावर मराठीचे रूप चढवण्याचे काम फॉन्ट करतो. म्हणून अशी एखादी फाइल उघडून फॉन्टचे नाव पाहावे. ते ‘श्री-देव’ असे किंवा ‘डीव्हीबी-टीटी’ असे सुरू होत असेल, तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या फॉन्टच्या फाइली वेगळ्या उचलून मजकुराशेजारीच ठेवाव्यात. महत्त्वाच्या कागदांची पीडीएफही काढून ठेवावी, कारण तिच्यात फॉन्ट बहुधा आतच बांधलेला असतो. मला शेवटी एका ओळखीच्या डीटीपीवाल्याकडे तो फॉन्ट सापडला आणि इतिवृत्ते पुन्हा वाचता आली, पण त्या तीन आठवड्यांत सभासदांना काय उत्तरे दिली ती आठवू नयेत अशीच आहेत.

प्रत ठेवायला बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी. पेनड्राइव्ह ही फाइल इकडून तिकडे नेण्याची वस्तू आहे, सांभाळून ठेवण्याची नाही. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, त्यात दुकानदाराने फसवलेले नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत. डिस्क किंवा पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यात जात नाही आणि लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथेच अडतो. एक्सफॅट किंवा एनटीएफएस असल्यास ही अडचण येत नाही. वेळेचा अंदाज आधी बांधावा. यूएसबी २ च्या जुन्या खाचेतून सेकंदाला साधारण ३० एमबी जातात, म्हणजे १५० जीबीला जवळजवळ दीड तास; तीच डिस्क निळ्या यूएसबी ३ च्या खाचेत लावली तर अर्ध्या तासाच्या आत काम होते. छोट्या फाइली हजारोंच्या संख्येने असतील तर मात्र दोन्हीकडे कितीतरी अधिक वेळ लागतो. प्रत निघत असताना चार्जर लावलेला असावा, लॅपटॉप झोपी जाण्याची वेळ सेटिंगमधून बंद केलेली असावी, आणि पावसाळ्याचे दिवस असतील तर हे काम वीज जाण्याच्या नेहमीच्या वेळेवर ठेवू नये.

‘माझे सगळे क्लाउडवर आहे’ असे म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. गूगलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि ती ड्राइव्ह, जीमेल व फोटो मिळून आहे. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हची मोफत जागा ५ जीबी आहे. जागा भरली की नव्या फाइली वर जाणे थांबते आणि त्याची सूचना आपण सवयीने बाजूला सारतो. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. वनड्राइव्ह हे आरशासारखे आहे: लॅपटॉपवरील फाइल पुसली की वरचीही पुसली जाते आणि वैयक्तिक खात्यात ती कचरापेटीत ३० दिवसच राहते. शिवाय ज्या फाइलीपुढे ढगाचे चिन्ह आहे ती लॅपटॉपवर मुळी नसतेच, नुसते तिचे नाव असते. बाहेरच्या डिस्कवर घेण्याआधी अशा फाइली ‘नेहमी या यंत्रावर ठेवा’ या पर्यायाने खाली उतरवून घ्याव्यात.

आता किल्ल्या. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मदरबोर्ड (यंत्राची मुख्य पाटी) बदलला किंवा बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, फेरफार झाला की निळ्या पडद्यावर ४८ अंकी बिटलॉकर किल्ली, म्हणजे या कुलपाची किल्ली, मागितली जाते. ती नसेल तर आतील फाइली दुकानदारही काढू शकत नाही आणि मायक्रोसॉफ्टही नाही. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर साठवलेली असते. लॅपटॉप धड असतानाच ती तिथे शोधावी आणि कागदावर उतरवावी, आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये.

प्रत काढून झाली की ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी, ही पायरी गाळू नये. माझ्या इतिवृत्तांची गोष्ट या एका पायरीने टळली असती. शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर डिस्क लावून एक जुना फोटो, एक मराठी दस्तऐवज, एक व्हिडिओ मधूनच आणि एक हिशेबाची फाइल उघडावी. पीटर क्रोह या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम सांगतो की तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक घराबाहेर असावी. घरासाठी याचा अर्थ इतकाच, की लॅपटॉपवरील मूळ फाइल, कपाटातील डिस्क आणि क्लाउडवर किंवा बहिणीच्या घरी तिसरी प्रत. डिस्क काम होताच काढून ठेवावी, कारण खंडणीखोर व्हायरस लॅपटॉपमध्ये शिरला तर जोडलेली डिस्कही तो कुलूपबंद करतो. ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. हिशेबाचे वर्ष त्याच दिवशी संपत असल्याने निदान आपल्याकडे तो विसरण्याचे कारण नाही.

प्रत हाताशी आल्यावर मग बिघाडाकडे वळावे, कारण निम्म्या तक्रारी दुकानापर्यंत जाण्याच्या लायकीच्या नसतात. लॅपटॉप मुळीच सुरू होत नसेल तर आधी चार्जर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहावा; मग चार्जर काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि नुसत्या चार्जरवर सुरू करावे. पंखा फिरतो पण पडदा काळा असेल, तर अंधारात पडद्यावर तिरपा टॉर्च मारून पाहावा. पुसट चित्र दिसले तर पडद्यामागचा प्रकाश गेला आहे. एचडीएमआय वायरने टीव्ही जोडून चित्र आले तर फाइली तेव्हाच काढून घेता येतात. दुकानदार रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसतो आणि यंत्र सुरू होते, हे खरे आहे, पण झाकण उघडण्याची सवय नसेल तर तो प्रयोग त्यालाच करू द्यावा.

यंत्र मंद झाले असेल तर टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा आकडा पाहावा; काही न करताही तो शंभर टक्क्यांवर अडकत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवणे हाच उपाय आहे, फॉरमॅट नव्हे. सगळी संकेतस्थळे एकाएकी ‘असुरक्षित’ म्हणू लागली, तर उजव्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. बरेच महिने बंद राहिलेल्या लॅपटॉपचे घड्याळ मागे जाते आणि प्रमाणपत्रांची जुळणी बिघडते. वायफाय दिसेनासे झाले तर विमान मोडचे बटण चुकून दाबले गेले आहे का, ते आधी बघावे. धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर लॅपटॉपपेक्षा घरच्या अर्थिंगवर संशय घ्यावा आणि वायरमनला बोलवावे.

दोन लक्षणांत मात्र घरी काहीही करू नये. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगून लॅपटॉप टेबलावर डगमगत असेल, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग लगेच थांबवावे, तळ दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये, आणि फाइली काढण्यासाठीही तो चालू ठेवू नये. फिरत्या डिस्कमधून ‘टक टक’ असा ठरावीक आवाज येऊ लागला आणि प्रत निघालेली नसेल, तर यंत्र तिथेच बंद करावे. प्रत्येक वेळी सुरू करून पाहताना आतील तबकडीवर ओरखडे पडू शकतात आणि माहिती परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेचे काम अवघड होते. एसएसडी हा असा इशारा देत नाही. ती आदल्या रात्री चालू असते आणि सकाळी नसते.

निघण्याच्या दिवशी लॅपटॉपचा अनुक्रमांक आणि आधीचे ओरखडे यांचा फोटो काढावा, डिजिटल सहीचा टोकन, पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे, आणि तक्रार तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहावी: केव्हा होते, किती वेळाने होते, पडद्यावर कोणता संदेश येतो. स्वतःचा पासवर्ड चिकटपट्टीवर लिहून देण्याची आपल्याकडील पद्धत सोडून द्यावी आणि दुकानासाठी एक वेगळे खाते उघडून द्यावे. नुसता कीबोर्ड किंवा बिजागरी बदलायची असेल आणि डिस्क निघण्यासारखी असेल, तर ती काढून घरी ठेवता येईल का, हे विचारायला संकोच करू नये. पावतीवर ‘परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये’ असे दुकानदाराकडूनच लिहून घ्यावे.

लॅपटॉप परत आला तरी कपाटातील प्रत पंधरा दिवस तशीच राहू द्यावी, कारण कोणती फाइल राहिली ते ती लागेपर्यंत कळत नाही. डिस्क बदलली असेल तर जुनी मागून घ्यावी. वॉरंटीत बदललेला भाग कंपन्या बहुधा परत घेतात, म्हणून त्यावरील माहितीचे काय होणार आणि डिस्क स्वतःकडे ठेवण्याची सोय आहे का, हे लॅपटॉप हातातून सोडण्यापूर्वीच विचारून घ्यावे.