तालमीतली माती आणि स्क्रीन मोड

फोटोग्राफीच्या पहिल्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीआधी, मी कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर एक फोटो काढला होता. मागं शालिनी पॅलेस, पाण्यावर तांबूस उजेड, कट्ट्यावर पाठमोरी बसलेली दोन माणसं. त्या एका फोटोवर आठवडाभर मी हाताला लागेल तो इफेक्ट लावला. सावल्या पूर्ण उचलल्या, क्लॅरिटी शंभरावर नेली, आकाश निळं-केशरी केलं, वरून जुन्या फिल्मचे ओरखडे टाकले. सरांनी स्क्रीनकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्यात रंकाळा कुठं राहिलाय रे?"

झाडांच्या कडेनं पांढरी झालर आली होती. ती का येते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. क्लॅरिटी प्रत्येक ठिकाणाची तुलना आजूबाजूच्या भागाशी करते आणि फरक वाढवते. काळं झाड उजळ आकाशाला भिडतं तिथं आकाशाची कड आणखी उजळते, झाडाची आणखी काळी पडते. स्लायडर वीसावर असेल तर हे लक्षातही येत नाही, शंभरावर मात्र झाडाला कडेनं ट्यूबलाइट लावल्यासारखं दिसतं. तेव्हापासून कुठलाही इफेक्ट वापरताना मी आधी एवढंच शोधतो, की हा नेमकं काय मोजतो आणि काय बदलतो. नव्या मुलांना मी पहिली सवय हीच लावायला सांगतो. प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेला इफेक्टचा संच, लावायला हरकत नाही, पण लावल्यावर त्यातले स्लायडर उघडून बघा, एकेक शून्यावर आणा आणि कशानं काय गेलं ते वहीत लिहा.

दुसऱ्या वर्षीच्या असाइनमेंटला मी कुस्तीची तालीम हा विषय घेतला. मनात चित्र होतं: पैलवानाची काळी आकृती आणि तिच्या आत आखाड्यातली तांबडी माती. दोन फोटो एकमेकांत मिसळायचे, म्हणजे डबल एक्स्पोजर. वस्तादांची परवानगी काढली, चपला बाहेर ठेवल्या, मारुतीला नमस्कार केला आणि सकाळी सहाला कोपऱ्यात उभा राहिलो.

इथं थोडं तंत्र सांगतो, कारण बहुतेकांची गाडी इथंच अडते. आठ बिटच्या फोटोत काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५. सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवलेली चित्रं म्हणजे लेअर, आणि ती एकमेकांत कशी मिसळायची ते मोड ठरवतो. वरच्या लेअरला स्क्रीन मोड दिला, की खालच्या काळ्या भागावर वरचं चित्र जसंच्या तसं उमटतं आणि पांढऱ्या भागावर ते नाहीसं होतं. मल्टिप्लायमध्ये बरोबर उलटं. म्हणजे माती अंगावर उमटायची असेल तर अंग खरोखर काळं हवं आणि मागची बाजू खरोखर पांढरी हवी. पैलवान दारात उभा होता, मागून उजेड येत होता, मी बाहेरच्या उजेडावर एक्स्पोजर धरलं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर आकृती काळीशार दिसली. घरी उघडून बघतो तर बाजूच्या खिडकीनं खांदा उजळलेला, तिथला आकडा नव्वदच्या आसपास. मातीचा पोत छातीवर छान आला आणि खांद्यावर धुरकटला. लेव्हल्सनं, म्हणजे काळं-पांढरं कुठं धरायचं ते ठरवणाऱ्या स्लायडरनं, काळं ओढायचा प्रयत्न केला, तर दंडाची कडच मोडली.

मातीचंही तेच झालं. पहिल्या दिवशी मी सपाट केलेल्या मातीचे फोटो आणले होते. मिसळल्यावर नुसता तपकिरी रंग पसरला, माती दिसेना. परत गेलो. या वेळी बाजूची खिडकी पोत्यानं झाकली. मातीचे फोटो माती उकरून झाल्या झाल्या घेतले, सकाळचं तिरकं ऊन दारातून आत आलेलं असताना. ढेकळांच्या सावल्या पडलेल्या, खोऱ्याचे ओरखडे स्पष्ट. आखाड्याच्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळतात, त्यामुळं तिला एक ओलसर गडद लाली असते. बांधावरच्या मातीला ती येत नाही. मग संगणकावर मातीचा लेअर फिरवून खोऱ्याच्या रेघा पाठीच्या कण्याच्या दिशेनं बसवल्या, चेहऱ्यावरची माती मास्क करून (लेअरचा तेवढाच भाग झाकून) निम्म्यावर आणली आणि काम झालं. संगणकावर लागले जेमतेम चाळीस मिनिटं. तालमीत गेल्या तीन सकाळी.

वस्तादांना बारा बाय अठरा इंचाची प्रत दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरून बघितली आणि म्हणाले, "ही माती आमचीच हाय न्हवं?" माझ्या आजवरच्या कामाला मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद आहे. मी इंटरनेटवरचं तयार टेक्स्चर वापरलं असतं तर त्यांना खोटं उत्तर द्यावं लागलं असतं.

प्रिंटचा विषय निघाला म्हणून सांगतो. बारा बाय अठरा तीनशे पीपीआयनं, म्हणजे दर इंचाला तीनशे पिक्सेलनं, छापायचं तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोतून ते निघतात, पण एडिट करताना क्रॉप किती करताय त्याकडं लक्ष ठेवा.

जोतिबाचा गुलाल हा वेगळाच धडा होता. चैत्र यात्रेला वाडी रत्नागिरीला गेलो, सासनकाठ्या नाचताना भरपूर फोटो काढले, हिस्टोग्राम (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख) ठीक होता. घरी बघितलं तर गुलालानं माखलेले चेहरे गुलाबी कागदासारखे सपाट. कारण मी एकत्रित हिस्टोग्राम बघत होतो. तिन्ही रंगांचे वेगळे आलेख बघितले असते तर लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा भाग, उजव्या भिंतीला आपटून फुटलेला दिसला असता. आता गुलालात मी रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच, काढतो, एक्स्पोजर साधारण दोनतृतीयांश ते एक स्टॉप खाली ठेवतो (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) आणि लेन्स अजिबात बदलत नाही, कारण ती भुकटी सेन्सरवर बसली की पुढं प्रत्येक आकाशात डाग. जेपेगमध्ये प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या असतात, चौदा बिटच्या रॉमध्ये १६,३८४, त्यामुळं रंग सावरायला जागा राहते.

ते बिघडलेले फोटो टाकून देणार होतो. पण चॅनेल एकेक उघडताना हिरव्या चॅनेलमध्ये सुरकुत्या, घाम, गुलालाचे कण सगळं शाबूत सापडलं. गुलाबी रंगात हिरवा मुळातच कमी, म्हणून तो चॅनेल फुटत नाही. तो कृष्णधवल लेअर म्हणून वर ठेवला, ल्युमिनॉसिटी मोड दिला (त्यात वरच्या लेअरचा फक्त उजेड-अंधार लागतो, रंग खालचाच राहतो), ओपॅसिटी, म्हणजे लेअरचा ठळकपणा, चाळीस टक्के. चेहऱ्यांना परत उठाव आला, आणि रंगालाही एक खोल, जुन्या भिंतीवरच्या रंगासारखी झाक आली. हा इफेक्ट मला कुठल्याही व्हिडिओत दिसला नव्हता. असं काही सापडतं तेव्हा रात्रभर झोप येत नाही. छापताना मात्र जपा: असा झणझणीत गुलाबी स्क्रीनवर दिसतो तसा कागदावर येत नाही. मोठी प्रत काढण्याआधी चार बाय सहाची चाचणी प्रत काढाच.

याच सुमारास शिवाजी पेठेतल्या एका जुन्या स्टुडिओत जायला लागलो. तिथले काका पूर्वी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं टचिंग करायचे आणि कृष्णधवल फोटोंना हातानं रंग द्यायचे. निगेटिव्हवर पेन्सिल लावली की प्रिंटमध्ये तो भाग उजळ येतो, म्हणून डोळ्यांखालचं काळं पेन्सिलीनं झाकता यायचं. आपण डॉज-बर्न (फोटोतला ठरावीक भाग उजळ किंवा गडद करणं) म्हणतो त्याचाच हा हातानं केलेला भाऊबंद. त्यांनी माझा पैलवानाचा फोटो बघून एवढंच सांगितलं, "बाळा, जरा लांब जाऊन बघ, मग सकाळी उठून परत बघ." मी आता रात्री केलेलं एडिट त्याच रात्री कुणाला पाठवत नाही. सकाळी बघून इफेक्टची ओपॅसिटी बहुतेक वेळा मी खालीच आणतो.

'हे फोटोशॉपचे चाळे, ही खरी फोटोग्राफी न्हवं' असं ऐकावं लागेल. मलाही लागलं. स्वीडिश वंशाच्या ऑस्कर रेलँडरनं १८५७ मध्ये तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक भव्य प्रिंट केली होती आणि वाद तेव्हाही झाला होता. आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवायचे, मग त्यांनी सिनेमासाठी स्वतः कॅमेरा बांधला. रंगवणं आणि टिपणं यांच्यात या गावानं कधी भिंत घातली नाही, असं मला मनापासून वाटतं. बातमीचा फोटो मात्र वेगळा. पुराचं पाणी, मोर्चा, अपघात, यात काहीही घालायचं नाही, काही काढायचं नाही. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धा शेवटच्या फेऱ्यांत मूळ फाइल मागतात, ती यासाठीच. लग्नाच्या कामात नवरीचा रंग उजळ करायला सांगतात तेव्हा मी नम्रपणे नाही म्हणतो. एकदोन कामं गेलीही आहेत.

सॉफ्टवेअरच्या खर्चाला घाबरू नका. गिंप, क्रिटा आणि डार्कटेबल फुकट आहेत, आणि वर सांगितलेलं बहुतेक सगळं त्यांत होतं. मूळ फाइलला हात लावू नका, लेअरसकट फाइल जपा, लेअरना नावं द्या. 'लेअर १२ कॉपी' काय होता हे सहा महिन्यांनी आठवत नाही.

सध्या मी पंचगंगा घाटावर पहाटे जातो. ट्रायपॉड एकाच जागी ठेवून, एक्स्पोजर हातानं पक्कं करून, अर्ध्या मिनिटाच्या अंतरानं वीस फोटो घेतो आणि त्यांची मीडियन काढतो. प्रत्येक ठिकाणी वीस फोटोंतला मधला आकडा उरतो, त्यामुळं ये-जा करणारी माणसं नाहीशी होतात आणि घाट रिकामा दिसतो. एका जागी बसून राहिलेला माणूस तेवढा उरतो. गेल्या रविवारी एक आजी शेवटच्या पायरीवर धुणं धूत बसल्या होत्या. त्यांचं डोकं आणि पाठ स्पष्ट आली, हात मात्र विरून गेले. मला ते हात हवेत. एकाच फोटोतले हात मास्क करून परत आणायचे, की वीसही फोटोंतले हात एकावर एक अर्धवट दिसू द्यायचे, हे अजून ठरत नाहीय. दोन्ही चाचणी प्रती भिंतीवर शेजारी शेजारी लावून ठेवल्या आहेत.