घरातले दिवे एलईडीवर आणताना: यादीपासून जुनी ट्यूब उतरवण्यापर्यंत

२०१४ साली सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बला ३१० रुपये पडत होते. जानेवारी २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाली, ईईएसएल या सरकारी कंपनीने देशभराची मागणी एकत्र करून निविदा काढल्या आणि २०१६ पर्यंत हाच भाव ३८ रुपयांवर उतरला. पुढे या योजनेतून ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. वीजबिल दाखवून रांगेत बल्ब घेतल्याचं अनेकांना आठवत असेल. आता तो किराणा दुकानातही मिळतो. पण स्वस्त झाला तशी आपली पारखही सुटली. ‘नऊ वॉटचा द्या’ म्हणायचं आणि हातात पडेल तो आणायचा. मग वर्षभरात तो गेला की ‘एलईडी काही टिकत नाही बुवा’ असं म्हणायला आपण मोकळे.

१. आधी तासांची यादी

बाजारात जाण्यापूर्वी कागदावर घरातला प्रत्येक दिवा, त्याचे वॉट आणि तो रोज किती तास चालतो एवढं लिहा. माळ्यावरचा १०० वॉटचा पिवळा बल्ब महिन्यातून दहा मिनिटं लागत असेल, तर तो बदलून काहीही वाचत नाही. तिकडे देवघरातला किंवा बेडरूममधला झिरोचा बल्ब जुन्या पद्धतीचा असेल तर तो साधारण १० ते १५ वॉट खातो. १५ वॉटचा बल्ब रोज १० तास म्हणजे महिन्याला साडेचार युनिट! ९ वॉटचा एलईडी रोज सहा तास लावला तरी दीड-पावणेदोन युनिटच जातात. त्यामुळे पहिला नंबर या रात्रभर चालणाऱ्या छोट्या दिव्यांचा. त्यांच्या जागी अर्ध्या वॉटचा एलईडी पुरतो.

६० वॉटच्या बल्बऐवजी ९ वॉटचा लावला आणि तो रोज सहा तास चालला, तर महिन्याला सुमारे ९ युनिट वाचतात. युनिटमागे ८ रुपये धरले तर सत्तरेक रुपये. तुमचा खरा दर बिलावर बघा, आणि बघताना वरच्या स्लॅबचा बघा. वाचलेली युनिटं नेहमी वरूनच वजा होतात.

२. ल्युमेन बघा

वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. उजेड किती पडतो ते ल्युमेनवरून कळतं. ६० वॉटचा जुना बल्ब जेमतेम ७०० ल्युमेन द्यायचा, कारण त्याची ९० टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेतच जायची. आजचा बरा एलईडी वॉटमागे १०० ल्युमेन किंवा त्याहून जास्त देतो. म्हणजे ९ वॉटच्या खोक्यावर ९००च्या आसपास आकडा हवा. तिथे ६५०-७०० दिसला किंवा आकडाच छापलेला नसला, तर तो बल्ब परत ठेवा.

३. उजेडाचा रंग खोलीप्रमाणे

आपल्याकडे बहुतेक घरांत सरसकट ६५०० केल्विनचा पांढराफटक उजेड असतो, कारण दुकानात तोच पुढे केला जातो. (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप: आकडा लहान तितका उजेड पिवळसर, मोठा तितका निळसर.) स्वयंपाकघराच्या ओट्यावर, अभ्यासाच्या टेबलावर तो चालतो, पण झोपण्याच्या खोलीत मला तो बिलकुल आवडत नाही. तिथे २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर, बैठकीच्या खोलीत ४००० चा मधला उजेड घ्या. एकाच खोलीत दोन वेगवेगळे रंग मात्र लावू नका. भिंत एका बाजूने पिवळी आणि दुसऱ्या बाजूने निळसर दिसते.

याहून महत्त्वाचा आकडा सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा. त्यामागची गोष्ट थोडी मागची आहे. लाल एलईडी १९६२ मध्येच तयार झाला होता. पण पांढऱ्या उजेडासाठी निळा लागतो, आणि तेजस्वी निळा एलईडी बनवायला १९९०चं दशक उजाडावं लागलं. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजच्या बहुतेक पांढऱ्या बल्बांच्या आत निळीच चिप असते. तिच्यावर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडाचा काही भाग पिवळसर करणाऱ्या पदार्थाचा, थर देतात आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. या मिश्रणात लाल रंग कमी पडतो. म्हणून हलक्या बल्बखाली टोमॅटो शिळा वाटतो, कुंकू तपकिरी दिसतं आणि दुकानात पसंत पडलेली साडी दारात उन्हात भलत्याच रंगाची निघते.

सीआरआय किमान ८० हवा. आरशाजवळ, ओट्यावर आणि शिवणयंत्रापाशी ९० चा मिळाला तर चार पैसे जास्त द्या. आकडा छापलेला नसेल तर दुकानदाराला दोन बल्ब लावून दाखवायला सांगा आणि तळहात खाली धरा. ज्याच्याखाली तळहात राखाडी, आजारी दिसेल तो नको.

४. खोक्याची मागची बाजू

बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि त्याखाली ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. बीईई या सरकारी संस्थेचे वीजबचतीचे तारे पाहा. मग व्होल्टेजची मर्यादा. गावाकडे संध्याकाळी पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की दाब पार खाली जातो, तिथे १०० ते ३०० व्होल्टवर चालणारा बल्ब घ्यावा. शहरातही तीन फेजच्या इमारतीत न्यूट्रल तुटला, तर काही घरांत दाब ४०० व्होल्टच्या आसपास चढू शकतो आणि एका झटक्यात सगळे दिवे जातात. सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे क्षणभर उसळणाऱ्या दाबापासूनचं संरक्षण, किती किलोव्होल्टचं आहे ते चांगल्या खोक्यावर लिहिलेलं असतं. विजांच्या पावसात ते उपयोगी पडतं, पण लांबलेल्या चढ्या दाबापुढे त्याचाही इलाज चालत नाही.

५. तो कुठे बसणार?

एलईडीची चिप सहसा अचानक मरत नाही. २५,००० तास असं आयुष्य छापलेलं असतं, त्याचा अर्थ साधारणपणे तेवढ्या तासांनी उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येतो. त्याआधी जातो तो बुडाशी बसवलेला ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज चिपला चालेल अशी करून देणारं सर्किट, आणि ड्रायव्हरमध्ये बहुधा कपॅसिटर हा वीज साठवणारा छोटा भाग. त्याचा शत्रू उष्णता. ‘एलईडी गरम होत नाही’ ही समजूत अर्धीच खरी आहे. उजेडाची बाजू थंड वाटते, पण तासाभराने बुडाला हात लावून पाहा.

म्हणून चारही बाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात, पीओपीच्या अरुंद भोकात किंवा गॅसच्या अगदी डोक्यावर साधा बल्ब लावू नका. काचेचा गोळाच ठेवायचा असेल तर कमी वॉटचा बल्ब घ्या. सिलिंगमध्ये कन्सिल्ड लाइट बसवताना ड्रायव्हर वेगळा असलेलाच घ्यावा. तो गेला तर तेवढाच बदलता येतो, अख्खा दिवा फेकावा लागत नाही. आकाशकंदिलात मात्र एलईडी हवाच. जुना ४० वॉटचा बल्ब कागद तापवून पिवळा करायचा आणि कधी जाळायचाही.

उजेड कमी-जास्त करणाऱ्या जुन्या बटणावर, म्हणजे डिमरवर, साधा एलईडी लावू नका. तो थरथरतो आणि लवकर जातो. ‘डिमेबल’ लिहिलेला घ्या किंवा डिमर काढून टाका.

६. जुनी ट्यूब बदलताना

३६ किंवा ४० वॉटची ट्यूब लोखंडी चोकसह ४५ ते ५० वॉट ओढते. तिच्या जागी २० वॉटची एलईडी बॅटन, म्हणजे पट्टीसकट नवा दिवा, हा सर्वांत सुटसुटीत मार्ग. जुनी पट्टीच वापरून फक्त नळी बदलायची असेल तर चोक आणि स्टार्टर काढून वायरिंग थेट करावं लागतं. इथे मोठी गडबड होते. काही नळ्यांना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला द्यायचे असतात, काहींना दोन टोकांना. चुकलं तर शॉर्ट. नळीवर आकृती छापलेली असते, तीच प्रमाण. मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नका, आणि जरा जरी शंका असेल तर वायरमनला बोलवा.

७. लावल्यानंतर

बटण बंद केल्यावरही बल्ब मिणमिणत असेल तर दोन शक्यता. बटणात छोटा इंडिकेटर असेल तर त्यातून जाणारा किंचित प्रवाह एलईडीला पुरतो. तसं नसेल तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असू शकतं. हे धोक्याचं आहे, कारण बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो. असा होल्डर स्वतः उघडू नका. वायरमनकडून टेस्टर लावून तपासा आणि तारा बदलून घ्या.

दुसरी तपासणी लुकलुकीची. दिव्याखाली पेन्सिल भरभर हलवा. एकसंध पुसट पट्टा दिसला तर ठीक. वेगवेगळ्या सुट्या पेन्सिली दिसल्या, किंवा मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये उजेड धडधडताना दिसला, तर ड्रायव्हर हलका आहे. मुलांच्या अभ्यासाच्या जागी तो नको, जिन्यात लावून टाका.

बल्बच्या बुडाशी मार्करने लावल्याची तारीख लिहा आणि खोक्याचा तुकडा बिलासोबत टाचून ठेवा. बऱ्याच कंपन्या वर्ष-दोन वर्षांची वॉरंटी देतात, आणि दुकानदार बहुधा तारीखच विचारतो.

उतरवलेल्या ट्यूब आणि सीएफएल यांत पारा असतो. कचऱ्याच्या डब्यात फोडून कोंबू नका. खोक्यात घालून ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. घरात एखादी फुटलीच तर खिडक्या उघडा, थोडा वेळ खोलीबाहेर थांबा आणि तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका, त्याने पारा खोलीभर पसरतो.