टीएसडीसीचा पीक खोटा येतोय? या चुका टाळा

टीएसडीसी (थर्मली स्टिम्युलेटेड डिपोलरायझेशन करंट) म्हणजे पॉलिमरची फिल्म तापवायची, तिच्यावर व्होल्टेज लावायचं आणि ते तसंच ठेवून थंड करायची. आत वळलेले द्विध्रुव (एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण प्रभार असलेले रेणूंचे भाग), सापळ्यांत अडकलेले प्रभार तिथेच गोठतात. मग व्होल्टेज काढून एकसारख्या वेगाने पुन्हा तापवलं की ते सुटू लागतात आणि इलेक्ट्रोमीटरवर पिकोअँपिअरमधला प्रवाह दिसतो. तापमानासोबत त्याचा आलेख काढला की जो उंचवटा येतो, तोच पीक. प्रयोग एवढाच, तरी दर वर्षी प्रोजेक्टची मुलं त्याच खड्ड्यात पडतात.

सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे न वाळलेली फिल्म. एका विद्यार्थिनीने पीएमएमए (अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक) क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून काचेवर ओतलं. सकाळी फिल्म हाताला कोरडी लागली, म्हणून लगेच सॅम्पल होल्डरवर चढवली. पीक 75 अंशांना! पीएमएमएचं ग्लास ट्रान्झिशन (काचेसारखं कडक पॉलिमर मऊ होतं ते तापमान) 105 च्या आसपास, म्हणून तिला वाटलं काहीतरी नवीनच सापडलं. मी तीच फिल्म पुन्हा चढवायला लावली. पीक 83 ला. तिसऱ्यांदा 90 ला. पदार्थाचा गुणधर्म असा रोज सरकत नसतो. उरलेल्या फिल्मची पिशवी उघडली तर क्लोरोफॉर्मचा गोडसर वास आला. आत राहिलेलं द्रावक साखळ्या सैल करतं, मग प्रभार लवकर सुटतात. आणि दर वेळी तापवताना ते थोडं थोडं उडून जात होतं. तीन आठवड्यांची रीडिंग्ज रद्द केली.

माझी सवय सांगतो. फिल्म व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ठेवायची, रोज वजन करायचं. लागोपाठ दोन दिवस वजन तेच आलं, तरच इलेक्ट्रोड. 'चालतंय की सर' म्हणणाऱ्याला मी सॅम्पल होल्डरला हात लावू देत नाही.

व्होल्टेज काढल्यावर इलेक्ट्रोड थोडा वेळ शॉर्ट करून (तारेने एकमेकांना जोडून) ठेवा, नाहीतर पृष्ठभागावरचा प्रभार आधीच गोंधळ घालतो. तुलनेसाठी व्होल्टेज न लावलेली फिल्मही एकदा तापवून बघा.

एका पीकवरून 'हे द्विध्रुवच' असं लिहू नका. विद्युत क्षेत्र, म्हणजे त्याच फिल्मवरचं व्होल्टेज, दुप्पट करा. द्विध्रुवांचा पीक दुप्पट उंच होतो, जागा मात्र सोडत नाही. तसं झालं नाही तर अडकलेल्या प्रभारांचा विचार करा.

तापवण्याची घाई तर मला मुळीच खपत नाही. वेग वाढवला की पीक वरच्या तापमानाकडे सरकतो, शिवाय थर्मोकपल प्लेटचं तापमान दाखवतो आणि फिल्म मागेच राहते. मी मिनिटाला 2 अंश ठेवतो. 30 वरून 150 ला जायला तास लागतो. त्या तासात केबलला धक्का लावायचा नाही. ती नुसती हलली तरी आकडा उडतो.