कंपनीचा ट्रेलर आणि त्यातले बिघाड: नव्या ड्रायव्हरांसाठी

नवीन ड्रायव्हर कंपनीत लागला की त्याला घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक, बहुतेक ठरलेला मिळतो. त्याचा क्लच कुठे धरतो, आरशाचा कोणता नट सारखा ढिला होतो, हे महिन्याभरात अंगवळणी पडतं. ट्रेलरचं तसं नसतं. काल तो कोणी ओढला होता ते माहीत नसतं, आज तुमच्या मागे आहे, परवा तिसऱ्याच्या मागे जाणार. घोड्यातला बिघाड रोज टोचतो म्हणून ड्रायव्हर तो रोज सांगतो. ट्रेलरचा बिघाड दोन दिवस सोसायचा आणि यार्डात सोडून मोकळं व्हायचं, ही सवय फार लवकर लागते. मलाही लागली होती.

पहिल्या वर्षातली गोष्ट आहे. रात्री उशिरा माल उतरवून ट्रेलर यार्डात लावला. पार्किंग ब्रेक ओढायच्या आधीच इंजिन बंद केलं आणि मागून बारीक सूंऽऽ असा आवाज आला. डाव्या बाजूला, मधल्या अ‍ॅक्सलजवळ. मी ब्रेक ओढला, तसा आवाज थांबला. थांबला म्हणजे काही विशेष नसेल, अशी मनाची समजूत घातली, हवेचे लाल-पिवळे पाइप काढले, ट्रेलरचे पाय टेकवले आणि घोडा घेऊन निघून गेलो. बिघाडाच्या वहीत काही लिहिलं नाही, कोणाला सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तो ट्रेलर दुसऱ्या ड्रायव्हरने भरून नेला. अर्ध्या वाटेत त्या चाकाच्या ब्रेक चेंबरमधलं, म्हणजे हवेवर ब्रेक चालवणाऱ्या डब्यातलं, रबर पुरतं फाटलं. चालत्या गाडीत तेवढ्या एका चाकाचा ब्रेक लागून बसला. आरशात धूर दिसेपर्यंत ड्रम तापून लाल झाला होता, ड्रमला घासणारे ब्रेकचे लायनर जळाले होते आणि जोडीतले दोन्ही टायर गेले होते. माणसाला काही झालं नाही. रस्त्याच्या कडेला पाच तास उभा राहून तो परत आला आणि त्याने मला एवढंच विचारलं, "तुला काल आवाज आला नव्हता का?" मी म्हणालो, "आला होता." त्यापुढे तो काही बोलला नाही.

तो आवाज का थांबला होता, हे मला नंतर एका जुन्या मेकॅनिकने समजावलं. नव्या माणसाने हे पहिल्याच आठवड्यात समजून घ्यावं. ट्रेलरचा पार्किंग ब्रेक हवेने लागत नाही, स्प्रिंगने लागतो. चेंबरच्या मागच्या भागात जाड स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि हवा तिला मागे रेटून धरते. ब्रेक सुटलेला असतो तेव्हा तिथे हवा भरलेली असते, म्हणून त्या बाजूचं रबर फाटलं असेल तर ब्रेक सोडल्यावरच गळती ऐकू येते. पार्किंग ओढलं की ती हवा बाहेर जाते आणि गळायला काही उरत नाही. याच्या उलट, पेडल दाबल्यावरच सुरू होणारी फुसफुस पायाच्या ब्रेकच्या भागातली असते. म्हणजे कान लावायचा तो दोनदा: ब्रेक सोडून एकदा आणि पेडल दाबून एकदा.

माझी तपासणी आता हवेपासूनच सुरू होते. सपाट जागा बघायची, चाकांना ठोकळे लावायचे, हवेच्या दाबाचा काटा आठ किलोच्या (चौरस सेंटीमीटरला) आसपास जाऊ द्यायचा, इंजिन बंद करायचं आणि घोड्याचे, ट्रेलरचे दोन्ही ब्रेक सोडायचे. मग पेडल घट्ट दाबून ठेवायचं. पहिल्यांदा काटा थोडा खाली येतो, तो सोडून द्यायचा. त्यानंतर घड्याळात एक मिनिट. जोडलेल्या गाडीला या एका मिनिटात चार पीएसआयपेक्षा, म्हणजे साधारण पाव किलोपेक्षा जास्त हवा उतरता कामा नये. अमेरिकेत अवजड वाहनाच्या परवान्याच्या परीक्षेला हेच माप शिकवतात आणि माझ्या अनुभवात ते पक्कं आहे. काटा जास्त उतरला तर साबणाचं पाणी घेऊन कपलिंगपासून, म्हणजे हवेचे पाइप ट्रेलरला जोडतात तिथपासून, मागे जायचं. निम्म्या वेळा गळती कपलिंगच्या रबरी वायसरमध्येच सापडते. तो वायसर मी कायम खिशात ठेवतो, दोन मिनिटांचं काम असतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. कपलिंगचा वायसर बदला, बल्ब बदला, पाइप घासत असेल तर तो बांधा. पण स्प्रिंग असलेल्या ब्रेक चेंबरची क्लॅम्प उघडायला कधीही जाऊ नका. आत दाबलेली ती स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव जातो. रस्त्यावर कितीही घाई असली, कोणी कितीही "मी करतो, तू धर" म्हणालं, तरी तिथे हात घालायचा नाही. ते काम साधनं असलेल्या मेकॅनिकचं.

दुसरी जागा चाकांची. इथे डोळे शिकवावे लागतात. नट ढिला आहे की नाही हे तो हलवून बघण्याआधीच डिस्क सांगते. नटाच्या खालून बाहेरच्या बाजूला गंजाची तांबडी रेघ ओघळलेली दिसली, पावसात काजळ पसरल्यासारखी, तर तो नट हलतो आहे. नटाभोवती धातू घासून चमकत असेल किंवा रंगावर अर्धचंद्रासारखी खूण असेल तरी अर्थ तोच. एकदा मी एका ट्रेलरच्या मागच्या चाकावर अशा तीन रेघा बघितल्या. पाना लावला तर दोन नट हातानेच फिरले आणि तिसऱ्याचा स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो बोल्ट, तुटलेला होता, गंजामुळे नट नुसता चिकटून बसला होता. त्या ट्रेलरवर आदल्याच आठवड्यात टायर बदलले होते. चाक काढून पुन्हा लावलं की 80 ते 160 किलोमीटर चालल्यावर नट परत आवळावे लागतात, कारण घासलेला रंग आणि गंज दबून पकड सैल होते. ट्रेलर त्या वेळी भलत्याच ड्रायव्हरकडे असतो, म्हणून ते काम कोणीच करत नाही. चाक नवं बसवलेलं दिसलं की वर्कशॉपला विचारा, नट दुसऱ्यांदा आवळले का.

जोडीतल्या आतल्या टायरकडे कोणी बघत नाही. टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, मारून नुसता आवाज ऐकणं मला पुरेसं वाटत नाही. पूर्ण बसलेला टायर त्याने कळतो, अर्धा बसलेला कळत नाही. गेज लावा. हवा ठरलेल्या दाबाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत उतरली असेल आणि टायर तसाच चालला असेल, तर त्याच्या आतल्या तारांना मार बसलेला असू शकतो. अशा टायरमध्ये नुसती हवा मारून पुढे जायचं नाही. हवा भरतानाच बाजूची भिंत चेन उघडल्यासारखी फाटते आणि शेजारी उभा असलेला माणूस सापडतो. टायर काढून आतून बघितल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

आतल्या बाजूला ग्रीस किंवा तेल उडालेलं दिसलं तर हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं, सील गेलं आहे. तेल लायनरवर गेलं की त्या चाकाचा ब्रेक नावालाच उरतो. पहिल्या थांब्यावर हाताची उलटी बाजू प्रत्येक हबच्या जवळ न्या, टेकवू नका, ऊब कळते. एक हब इतरांपेक्षा फार तापलेला असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक. हे बहुतेकांना माहीत असतं. बाकी सगळे गरम आणि एक गार, याकडे मात्र दुर्लक्ष होतं. उतार उतरून आल्यावर गार राहिलेला ड्रम म्हणजे त्या चाकाने ब्रेक लावलाच नाही, बाकीच्यांनी त्याचं काम केलं. चेंबरच्या दांड्याला जोडलेला, ब्रेकचं अंतर जुळवणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर बघायला लावा. ठोकळे लावून, ब्रेक सोडून तो हाताने जोरात ओढला आणि दांडा एक इंचाहून जास्त सरकला, तर ब्रेक सेटिंगला आला आहे.

किंगपिनसाठी, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या भागाखालच्या जोडणीच्या पिनसाठी, टॉर्च घेऊन खाली वाकायलाच लागतं. ट्रेलरची वरची प्लेट आणि घोड्यावरचं, पिन जबड्यात धरणारं फिफ्थ व्हील यांच्यामध्ये उजेड दिसता कामा नये. फट दिसली तर पिन जबड्याच्या वर बसलेली असू शकते, आणि अशी गाडी थोडी ओढून बघितली तरी जोडलेली वाटते. म्हणून ओढून बघायचं आणि डोळ्यांनीही बघायचं, जबडा पिनच्या मागून पूर्ण बंद झालाय का ते. लिव्हर आत गेला एवढ्यावर समाधान मानू नका.

दिवे, मडगार्ड, मागचा बंपर, दाराचे कडीकोयंडे, फळ्या, हे फिरता फिरता दिसतं, त्यावर जास्त लिहीत नाही. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, दिव्याचं तेवढं सांगतो. चावी फिरवल्यावर ट्रेलरचा पिवळा दिवा काही क्षण लागून विझायला हवा. लागूनच राहिला तर बिघाड आहे. अजिबात लागला नाही तर बल्ब गेलाय, किंवा कोणीतरी तो मुद्दाम काढलाय, आणि हे दुसरं मी बघितलेलं आहे.

बिघाड सापडला, आता पुढे काय? नव्या मुलांना सगळ्यात अवघड हेच जातं, पाना फिरवणं त्यामानाने सोपं. सुपरवायझरला फोन करून "ट्रेलर खराब आहे, मी नेणार नाही" म्हटलं की वाद सुरू होतो. त्याच्या डोक्यात गाडी वेळेवर सुटायची चिंता असते, आणि तुम्ही नुसता नकार दिलात तर त्याला तो आळस वाटतो. त्याऐवजी जागा, बिघाड आणि काय हवं ते एका दमात सांगा: "अमुक नंबरचा ट्रेलर, मागचा अ‍ॅक्सल, डावी बाजू. दोन नट ढिले, एक स्टड तुटलाय. मेकॅनिक पाठवा किंवा दुसरा ट्रेलर द्या. मी इथेच थांबलोय." एवढं नेमकं ऐकल्यावर "एवढ्या वेळी घेऊन जा" म्हणणं त्यालाही जड जातं. तरीही म्हणाला, तर शांतपणे सांगा, "ठीक आहे, हे मला मेसेजवर लिहून पाठवा." माझ्या आजवरच्या नोकरीत हे वाक्य मी चार-पाच वेळा वापरलं असेल. लिहून एकदाही आलं नाही, मेकॅनिक आला.

भीती वाटते, मला ठाऊक आहे. पहिला महिना, पगार अजून हातात पडलेला नाही, आणि तुम्ही गाडी अडवून उभे आहात. पण तपासणीत गाडी पकडली गेली किंवा चाक निघून कोणाच्या अंगावर गेलं, तर पहिला प्रश्न स्टिअरिंगवर बसलेल्यालाच विचारतात. ब्रेक, चाकं, स्टड, किंगपिन, टायर, या जागी शंका असेल तर गाडी हलवायची नाही, असं मी धरून चालतो. फाटलेलं मडगार्ड, वाकलेली शिडी, घट्ट बसणारा कोयंडा, हे लिहून पुढे जायला हरकत नाही. मधल्या गोष्टींना, म्हणजे एबीएसचा दिवा किंवा एक गेलेला मार्कर लाइट, तिथले नियम आणि कंपनीची पद्धत बघा आणि शक्यतो गेटच्या आतच दुरुस्त करून घ्या. गेट ओलांडलं की बिघाड तुमच्या नावावर चढतो.

फोटो काढायची माझी पद्धत अशी आहे. पहिला फोटो ट्रेलरच्या नंबरचा, दुसरा लांबून, बिघाड कुठल्या चाकावर आहे ते कळेल असा, तिसरा जवळून, शेजारी पेन किंवा नाणं ठेवून. नुसत्या जवळच्या फोटोवरून ते कुठल्या ट्रेलरचं चाक आहे हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. वहीत किंवा फॉर्मवर लिहिताना "ब्रेक खराब" असं लिहू नका. "मधला अ‍ॅक्सल, डावी बाजू, ब्रेक सोडल्यावर चेंबरमधून हवा गळते" असं लिहा, म्हणजे मेकॅनिक सरळ तिथेच जातो. त्या पानाचाही फोटो स्वतःकडे ठेवा. आणि वहीत "दुरुस्त" असा शेरा दिसला तर ती जागा सगळ्यात आधी बघा. दोनदा मला तोच बिघाड, तसाच, त्या शेऱ्याखाली सापडला आहे.

कंपनीत न सांगणारे ड्रायव्हर भेटतील, त्यांच्यावर चिडू नका. पूर्वी कधीतरी सांगून त्यांना बोलणी खावी लागलेली असतात. तुम्ही मात्र बिघडलेला ट्रेलर सोडताना वहीवर थांबू नका, कारण पुढचा ड्रायव्हर ती वही उघडेलच असं नाही. मी एक पुठ्ठा जाड मार्करने लिहून लाल कपलिंगलाच सुतळीने बांधतो: "हलवू नका, डावीकडचा मधला ब्रेक, वर्कशॉपला कळवलंय", खाली तारीख. ट्रेलर जोडायला येणाऱ्याला लाल पाइप हातात घ्यावाच लागतो, त्यामुळे पुठ्ठा नजरेतून सुटत नाही.

ज्याने मला तो प्रश्न विचारला होता, तो पुढे दुसरीकडे नोकरीला गेला. आजही ट्रेलर सोडायच्या आधी मी चाकांना ठोकळे लावतो, इंजिन बंद करून ब्रेक सोडतो, रेडिओ बंद करतो, दोन्ही काचा खाली करतो आणि मागून काही ऐकू येतं का, ते बसून ऐकतो.