चीनच्या गावात घर बांधताय? आधी शेजाऱ्याचं छप्पर मोजा

तुझ्या सासरचे जुनं घर पाडून नवं बांधतायत हे कळलं, म्हणून आमचा जो घोळ झाला तो आठवून लिहितेय. आमचं गाव च्यांगशी प्रांताच्या दक्षिणेला, गांचौकडे. तुमच्याकडे रीत थोडी वेगळी असेल, पण भांडणं तीच.

कागदपत्रं सासरे बघतील. जमीन गावाच्या सामूहिक मालकीची, एका कुटुंबाला घरासाठी एकच जागा. त्यात तू पडू नकोस.

फेंगशुईचा जाणकार लवकर गाठा. पुण्यातल्या दुकानांतला हसरा बुद्ध आणि किणकिणणाऱ्या नळ्या डोक्यातून काढ, त्यांचा इथे काही संबंध नाही. इथे म्हातारबुवा लुओपान घेऊन येतात. मध्ये होकायंत्राची सुई, भोवती वर्तुळांत वर्तुळं, त्यातल्या एकात २४ दिशा, प्रत्येकी १५ अंशांची. आमच्याकडे शिंगक्वो तालुक्यातल्या सानल्यावचे जाणकार मिळाले तर मान मोठा. मिंग बादशहांच्या थडग्यांची जागा निवडणारा ल्याव च्युनचिंग त्याच गावचा. ते येण्याआधी घरच्या कर्त्याचं जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ लिहून ठेवा. आमच्या सासऱ्यांना वेळच आठवेना, अख्खी सकाळ त्यात गेली. ताई-स्वे म्हणजे त्या वर्षाची देवता, ती ज्या दिशेला, तिकडे कुदळ मारायची नाही. मागे डोंगर, पुढे पाणी, हे तुला माहीतच आहे.

आता शेजारी. हे नीट वाच, कारण आम्ही नेमकं हेच विसरलो. दारात उभं राहून बाहेर बघितलं की डावा हात हिरव्या ड्रॅगनचा, उजवा पांढऱ्या वाघाचा. ड्रॅगन हवा तेवढा उंच होऊ दे, वाघाने मान वर करता कामा नये, अशा अर्थाची म्हणच आहे. म्हणजे उजवीकडचं घर आपल्यापेक्षा उंच नको. आम्ही आपली डावी बाजू बघितली, उजवी बघितली, खूश झालो. पण आमच्या डावीकडे चुलत सासऱ्यांचं घर, म्हणजे त्यांच्या दारातून बघितलं तर आम्ही त्यांच्या उजवीकडे. त्यांचा वाघ आम्ही! आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावर जिन्याची खोली चढली, तिच्यावर पाण्याची टाकी. आठवड्याभरात त्यांच्या गच्चीच्या कठड्यावर अशुभ परतवायचा बशीएवढा आठकोनी आरसा लागला, तोंड सरळ आमच्या दाराकडे. सासूबाई दार उघडताना मान खाली घालायच्या. शेवटी टाकी उतरवून मागे नेली आणि सासरे सिगारेटची दोन पाकिटं घेऊन त्यांच्याकडे जाऊन बसले. हे आधी केलं असतं तर?

म्हणून पाया खणण्याआधी शेजाऱ्यांकडे जा. त्यांच्या दारात उभं राहून आपलं घर कसं दिसेल ते बघा. उंची स्लॅबपर्यंत मोजू नका, टाकीच्या झाकणापर्यंत मोजा. सोलर बसवणार असाल तर तोही धरा. आपल्या घराचा कोपरा त्यांच्या दारावर रोखलेला नको, आपल्या छपराचं पाणी त्यांच्या अंगणात नको. तुझा नवरा म्हणेल, "आपलेच लोक आहेत, काही बोलणार नाहीत." माझाही हेच म्हणाला होता.

दाराची चौकट लू-बान मापाने घ्या. हे माप साधारण ४३ सेंटिमीटरचं, त्याचे आठ भाग, चार शुभ चार अशुभ. बाजारात टेप मिळते, शुभ आकडे लाल, अशुभ काळे. माप चौकटीच्या आतून घ्यायचं, बाहेरून नाही. गवंडी-सुतारांना जेवण आणि पैशांचं लाल पाकीट वेळेवर द्या. चिडलेला सुतार भिंतीत काहीतरी पुरून ठेवतो ही भीती तिथे जुनी आहे, ती हसण्यावारी नेऊ नकोस.

आढं चढवायचा मुहूर्त पंचांगातून निघेल. आता स्लॅब आला तरी आमच्याकडे एक आढं चढतंच. लाल कापड, कोंबडा, फटाके, वरून उधळायला गोड गोळ्या. गोळ्या जास्त आणा, आणि शेजाऱ्यांना स्वतः जाऊन बोलवा. आमच्या वेळी चुलत सासऱ्यांची नातवंडं खिडकीतून बघत राहिली, खाली आली नाहीत.

गृहप्रवेश भल्या पहाटे. आधी चूल आणि तांदूळ आत, मग बाकीचं सामान. जेवणावळ सासूबाई बघतील.

आणि टाकी कुठे बसणार ते आजच विचारून घे.