खुंटी न धरणारी जमीन: उंच डोंगरात आणि वाळूच्या टेकड्यांवर मुक्काम कसा करावा

उंच डोंगर आणि वाळूच्या टेकड्या, दोन्हीकडे मुक्कामाच्या अडचणी बऱ्याच अंशी सारख्याच. वारा अडवायला झाड नाही, दिवसा ऊन भाजून काढतं, सूर्य मावळताच गारठा सुरू होतो आणि नेहमीची बारीक खुंटी जमिनीत टिकत नाही. त्यामुळे सामानाची तयारी एकच केली तरी चालते. फरक दोन बाबतींत पडतो: डोंगरात हवा विरळ होत जाते आणि वाळूत पाणी पाठीवर न्यावं लागतं. सहल किती दिवसांची हे या दोन गोष्टींवरूनच ठरवा.

आधी हिशेब

डोंगरात 3000 मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची मोजा. दिवसा कितीही चढलात तरी आजचा मुक्काम कालच्या मुक्कामापेक्षा 500 मीटरहून जास्त वर नको. दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढा. डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा गळाठा आला तर तो उंचीचा त्रास समजून तिथेच थांबा, आणखी वर चढू नका. टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालताना तोल गेला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असो की पाऊस, त्या माणसाला सोबत देऊन खाली न्यायचं. किमान 300 मीटर, आणि बरं वाटेपर्यंत आणखी खाली. सकाळपर्यंत वाट पाहणं हीच इथली सर्वांत घातक चूक. प्रतिबंधक औषध घ्यायचं तर ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठरवा.

वाळूत उन्हात चालताना तासाला अर्धा ते एक लिटर पाणी घामावाटे जातं. माणशी रोजचे 6 लिटर धरले तर दोन दिवसांचं ओझं 12 किलो होतं, त्यात स्वयंपाकाचं पाणी वेगळं. वाटेत पाणी नसेल तर एक-दोन रात्रींपेक्षा मोठा बेत आखूच नका. सगळं पाणी एका मोठ्या पिशवीत नेऊ नका, ती फाटली की सहल संपली. नुसतं पाणी पीत राहिल्यानं रक्तातलं मीठ कमी होतं, म्हणून क्षारसंजीवनीची पाकिटं ठेवा. ती नसतील तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

चालणं

मऊ वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त शक्ती लागते, म्हणून नकाशावरचं अंतर पाहून वेळ ठरवू नका. टेकडीची वाऱ्याकडची बाजू साधारण 10 ते 15 अंशांची आणि दाबून बसलेली असते. आडोशाची बाजू 30 ते 34 अंशांची असते आणि पाय टाकताच घसरते. चढायचं वाऱ्याकडून किंवा धारेवरून, उतरायचं आडोशाच्या बाजूनं. तळव्याला पक्के बूट घाला, वर गेटर (बुटात वाळू जाऊ न देणारं पोटरीवरचं कापडी आवरण) चढवा. सकाळची गार वाळू अनवाणी चालायला छान वाटते, पण भर दुपारी तिचा पृष्ठभाग 60 अंश सेल्सियसच्याही वर जातो. दहानंतर सावली धरा, चारनंतर पुन्हा निघा. पावलांचे ठसे वारा पुसून टाकतो, म्हणून मुक्कामाची जागा जीपीएसमध्ये नोंदवा आणि होकायंत्रानं दिशाही लिहून ठेवा.

डोंगरात वेळापत्रक विजेसाठी पाळायचं. गडगडाटी ढग बहुधा दुपारनंतर जमतात, तेव्हा माथा आणि धार दुपारच्या आत सोडा. वाळूच्या टेकडीचा माथाही अशा वेळी तितकाच वाईट. वीज पडली की तिथली वाळू वितळून काचेच्या नळ्या तयार होतात, यावरून उष्णतेचा अंदाज यावा.

जागा

वाळूत दोन टेकड्यांमधली सपाट, कडक पट्टी निवडा; मात्र घसरत्या उताराच्या पायथ्यापासून दूर, नाहीतर रात्रभर वाळू तंबूवर ओतत राहील. कोरड्या ओढ्याच्या पात्रात कधीही झोपू नका. दूरवर पडलेल्या पावसाचं पाणी तिथं निरभ्र आकाशाखाली येऊन थडकतं. डोंगरात घळीच्या तोंडाशी ताजे, मातीचे डाग असलेले दगड दिसले तर वरून दगड कोसळतात असं समजा आणि पुढे सरका. हिमनदीचा ओढा दुपारी उन्हानं वितळून संध्याकाळी चढतो, म्हणून सकाळच्या पाणीरेषेवर विसंबू नका. खोलगट जागेत थंड हवा साचते. चार पावलं वर गेलं तरी फरक जाणवतो.

तंबू रोवणं

सैल वाळूत किंवा बर्फात साधी खुंटी हातानंही उपटता येते. इथे ताण धरतं ते आडवं पुरलेलं वजन, म्हणजेच नांगर.

1. तंबूचं अरुंद, बुटकं टोक वाऱ्याकडे करा आणि वाऱ्याकडचे दोन नांगर (ते कसे करायचे ते पुढच्या पायऱ्यांत) आधी पक्के करा. त्यांना बांधल्याशिवाय दांड्या उभ्या करू नका. दोघं असाल तर एकानं तंबू सोडायचाच नाही.
2. प्रत्येक दोरीसाठी साधारण 20 बाय 30 सेंटिमीटरची मजबूत कापडी पिशवी घ्या आणि तीन-चार किलो वाळू भरून तोंड घट्ट बांधा.
3. पिशवीच्या मध्यावर दोरीचा फास घाला. फासाचं दुसरं टोक जमिनीवर येईल इतकं लांब ठेवा आणि तंबूची दोरी त्याला बांधा. त्यामुळे रात्री ताण कमी-जास्त करायला उकरावं लागत नाही.
4. 40 सेंटिमीटर खोल खड्डा घ्या. कोरड्या वाळूच्या कडा ढासळतात, म्हणून तोंड रुंद ठेवा. पिशवी दोरीला काटकोनात येईल अशी आडवी घाला.
5. खड्ड्यापासून तंबूकडे दोरीसाठी चिंचोळी चर खणा. बरेच जण इथेच चुकतात. चर नसेल तर दोरी सरळ वर ओढते आणि नांगर हळूहळू बाहेर येतो. दोरी जितकी जमिनीलगत, तितका नांगर पक्का.
6. वाळू थराथरानं भरून प्रत्येक थर पायानं दाबा. चार कोपरे आणि वाऱ्याकडच्या दोन दोऱ्या, असे किमान सहा नांगर हवेत.

बर्फात हीच पिशवी बर्फानं भरा, पुरून तुडवा आणि अर्धा तास हात लावू नका. दाबलेले कण एकमेकांना चिकटायला तेवढा वेळ लागतो. दोरी पिशवीला गाठ न मारता नुसती वळसा घालून दोन्ही टोकं वर ठेवा. सकाळी सगळं गोठलेलं असलं तरी एक टोक ओढून दोरी सुटते. दगडाळ जागी दोरी लहान दगडाला बांधा आणि त्याच्या पुढे, दोरीवर, मोठा धोंडा ठेवा. लहान दगड धोंड्याला अडकून बसतो आणि मोठ्या दगडाच्या धारेवर दोरी गुंडाळावी लागत नाही.

चूल आणि झोप

चूल वाळूवर थेट ठेवू नका. लाकडी फळी किंवा सपाट दगड घ्या, नाहीतर ती कलते आणि वाळू जेटमध्ये (गॅस बाहेर पडायच्या बारीक छिद्रात) जाते. साधा ब्युटेन गॅस शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणं थांबवतो, म्हणून थंडीसाठी आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण असलेलं नळकांडं निवडा. 4000 मीटरवर पाणी साधारण 87 अंशांनाच उकळतं, डाळ आणि तांदूळ शिजता शिजत नाहीत. लवकर शिजणारे पदार्थ न्या. पिण्याचं पाणी 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं उकळवा. बंद तंबूत चूल पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावरचा आरामाचा तापमान-आकडा पाहा. अत्यंत टोकाचा आकडा जीव वाचवण्यापुरता असतो, झोपेचा नव्हे. थंडी बरीचशी खालून येते, त्यामुळे बर्फावर मॅटचं आर-मूल्य, म्हणजे थंडी अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, 5 च्या आसपास हवं. फोन, बॅटऱ्या आणि पाणी गाळायचा फिल्टर बॅगेत घेऊन झोपा. एकदा गोठलेला फिल्टर आतून फुटतो आणि बाहेरून कळत नाही.

वाळवंटात बूट घालण्याआधी उलटे करून झटका, विंचवाला उबदार अंधार आवडतो. बर्फात ऐंशी टक्क्यांपर्यंत ऊन परत उसळतं, म्हणून ढगाळ दिवशीही बाजू झाकणारा गॉगल काढू नका.

कोरड्या वाळूत आणि गोठलेल्या मातीत मैला लवकर कुजत नाही. टॉयलेट पेपर पिशवीत भरून परत न्या आणि जिथे बर्फ किंवा खडक आहे तिथे मैलाही. निघताना तंबूच्या चेनमधली वाळू कोरड्या ब्रशनं झाडा. तेल लावलंत तर वाळू त्यात चिकटून दात झिजतील.